पळत आलो की पळून आलो?

तिसरीत असताना एकदा शाळेला उशीर झाला आणि साखर पेठेतल्या घरापासून शाळेच्या फाटकापर्यंतचे अंतर मी एका दमात धावून काढले. वर्गाच्या दारात धापा टाकत उभा राहिलो तेव्हा बाईंनी विचारले, "अरे, काय झालं?" मी खरे तेच सांगितले, "बाई, मी घरून पळून आलो." बाईंचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी मला जवळ घेतले, घरी कोणी मारले का, सकाळी काही खाल्ले का, असे हळू आवाजात विचारले आणि मधल्या सुट्टीत शिपायाला आमच्या घरी पिटाळले. घराला लागूनच आमचा चार मागांचा कारखाना होता. मागांच्या खडखडाटात शिपायाने ओरडून सांगितले, "तुमचा पोरगा पळून गेलाय." वडिलांनी माग बंद केला आणि विचारले, "कुठे?" शिपाई म्हणाला, "शाळेत."

हा किस्सा आमच्या घरी अजूनही सांगितला जातो, पण त्यातली मेख मला पुढे कितीतरी वर्षांनी, भाषांतराच्या व्यवसायात पडल्यावर कळली. घरी आम्ही तेलुगू बोलतो, म्हणजे तेलंगणातून सोलापुरात आलेल्या पद्मशाली विणकरांची तेलुगू, जिच्यात मराठी शब्दांची पेरणी भरपूर आहे. धावत आलो हे सांगायला आमच्याकडे सरळ 'उरिकि वच्चिन' म्हणतात. त्यातल्या 'उरिकि' या रूपाचा मराठी साचा काढला तर तो 'पळून' असाच निघतो, कारण तेलुगूतले हे रूप मराठीतल्या '-ऊन' सारखे एक क्रिया संपवून दुसरीकडे नेते. मात्र तेच रूप दुसरी क्रिया कशी घडली हेही बिनदिक्कत सांगते. आठ वर्षांच्या मुलाने शब्द मराठी घेतले होते आणि जोडणी घरची केली होती. व्याकरण कुठेही मोडले नव्हते, म्हणूनच बाईंना ती चूक न वाटता बातमी वाटली.

मराठीत '-त' आणि '-ऊन' यांच्यामध्ये जी भिंत आहे ती जन्माने मराठी बोलणाऱ्याला दिसतही नाही. 'पळत गेला' म्हणजे वेगाने गेला आणि 'पळून गेला' म्हणजे पसार झाला. 'धावत आला' म्हणजे घाईने आला आणि 'धावून आला' म्हणजे मदतीला आला. 'चालत आला' म्हणजे पायी आला आणि 'चालून आला' म्हणजे हल्ला करायला आला. स्थळ चालून आले तर मात्र आनंदाची गोष्ट. एकाच धातूला '-त' लावला की गतीची रीत कळते आणि '-ऊन' लावला की त्या गतीमागचा हेतू किंवा तिचा परिणाम कळतो, आणि हा फरक कोणत्याही शाळेत शिकवला जात नाही. 'वाहत गेला' आणि 'वाहून गेला' यांच्यात तो पुसट होतो, 'उडत गेला' आणि 'उडून गेला' यांच्यात पुन्हा ठळक होतो. सोलापूरच्या आमच्या पूर्व भागातल्या मुलांची इथे हमखास गफलत होते. त्यांना मराठी येत नाही म्हणून ती होत नाही. दोन भाषा एकाच तोंडात राहतात म्हणून होते.

सोलापुरात अशी तोंडे मोजायला बसू नये. पूर्व भागात तेलुगू, कर्नाटकची हद्द जवळ असल्यामुळे ठिकठिकाणी कन्नड, शिवाय उर्दू आणि या सगळ्यांना जोडणारी मराठी. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावाची यात्रा संक्रांतीला भरते त्यांनी बाराव्या शतकात वचने रचली ती कन्नडमध्ये. एखाद्याला भाषा अवगत आहे हे सांगायलाही इथल्या भाषा गतीचेच क्रियापद वापरतात. मला तेलुगू येते, 'नाकु तेलुगु वस्तदि', कन्नडमध्ये 'ननगे कन्नड बरुत्तदे': सगळीकडे भाषा आपल्याकडे येते. इंग्रजीत ती येत नाही, जाणून घ्यावी लागते.

गती सांगण्याच्या या निरनिराळ्या तऱ्हांची नीट मांडणी लिओनार्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञांनी केली. १९८५ च्या एका प्रदीर्घ लेखात आणि पुढे २००० मध्ये आलेल्या त्यांच्या दोन खंडी ग्रंथात त्यांनी दाखवले की हालचालीच्या घटनेत काही घटक असतातच: हलणारी वस्तू, तिची वाट आणि तिच्या हलण्याची रीत. यांपैकी वाट कुठे ठेवायची, याबाबत भाषांचे दोन मोठे गट पडतात. इंग्रजी, जर्मन, रशियन या भाषा वाट क्रियापदाच्या बाहेर, एखाद्या छोट्या शब्दात किंवा उपसर्गात ठेवतात आणि मुख्य क्रियापदाची जागा रीतीला देतात. स्पॅनिश, फ्रेंच, तुर्की, जपानी या भाषा उलट करतात. वाट हेच त्यांचे क्रियापद असते आणि रीत सांगायची तर ती वेगळी, जोडीला सांगावी लागते. सिद्धेश्वर तलावात सोडलेला नारळ पायऱ्यांपाशी आला तर इंग्रजी बोलणारा म्हणेल 'फ्लोटेड टू', म्हणजे तरंगणे हे क्रियापद आणि येणे हा एक चिमुकला शब्द. आपण म्हणतो, "नारळ तरंगत पायऱ्यांपाशी आला", आणि 'तरंगत' गाळले तरी वाक्य उभे राहते. भुवना नरसिंहन यांनी २००३ मध्ये हिंदीतील गतिवाचक क्रियापदांचा अभ्यास प्रसिद्ध केला; हिंदीही याच दुसऱ्या बाजूची. शिरणे, निघणे, चढणे, उतरणे, ओलांडणे, परतणे, पोहोचणे ही आपली रोजची क्रियापदे पाहिली की मराठी कुठे बसते हे वेगळे सांगावे लागत नाही. तेलुगूही तिथेच बसते: एक्कु म्हणजे चढ, दिगु म्हणजे उतर, दाटु म्हणजे ओलांड.

यावरून मराठीला रीतीची क्रियापदे कमी पडतात, असा अर्थ काही जण काढतात आणि तो मला मान्य नाही. लंगडणे, खुरडणे, रांगणे, सरपटणे, रेंगाळणे, भटकणे आहेतच, आणि दुडुदुडु, तुरुतुरु, लगबग, दबकत, ठुमकत, फरपटत हा साठा वेगळा. अडचण साठ्याची नाही, उंबरठ्याची आहे. रीतीचे क्रियापद घेऊन मराठी माणूस एका जागेची हद्द ओलांडत नाही. 'तो खोलीबाहेर धावला' असे भाषांतरित कादंबऱ्यांत आताशा सर्रास वाचायला मिळते. वाचताना मला तो माणूस खोलीबाहेरच्या पटांगणात व्यायाम करताना दिसतो. तो धावत खोलीबाहेर आला, किंवा गेला, किंवा पडला. उंबरठा ओलांडायचा तर आपल्याला येणे, जाणे, शिरणे, पडणे यांपैकी कोणाला तरी सोबत घ्यावे लागते. हीच मर्यादा संशोधकांनी स्पॅनिशमध्ये १९८९ पासून नोंदवलेली आहे.

मराठीची आणखी एक खोड इथे नोंदवतो. 'चालणे' या क्रियापदातले पाय आपण कधीच काढून घेतले आहेत. "कुठे चाललात?" या प्रश्नाला रेल्वेच्या डब्यात बसलेला माणूसही "पुण्याला चाललो" असे उत्तर देतो. त्यामुळे इंग्रजी माध्यमात शिकणारी माझी भाची जेव्हा "मी क्लासला चालते" म्हणते आणि तिला रिक्षाने नव्हे तर पायी जाते असे सांगायचे असते, तेव्हा ऐकणाऱ्याला त्या वाक्याचे काय करावे हे कळत नाही. 'चालत जाते' हे दोन शब्द तिला जड वाटतात, कारण तिच्या दुसऱ्या भाषेत ते काम एका शब्दात होते.

मानसभाषाशास्त्रज्ञ डॅन स्लोबिन यांनी या साऱ्याला विचाराशी जोडले, पण जपून. त्यांनी १९८७ मध्ये जी कल्पना मांडली तिला मी 'बोलण्यापुरता विचार' म्हणतो: भाषा माणसाच्या डोळ्यांवर झापडे बांधत नाही, पण बोलायला तोंड उघडण्याच्या क्षणी भाषेला जे हवे तेच तो प्रसंगातून वेचतो. हरवलेला बेडूक शोधणाऱ्या मुलाची एक शब्दहीन चित्रकथा दाखवून त्यांनी आणि रूथ बर्मन यांनी इंग्रजी, जर्मन, हिब्रू, स्पॅनिश आणि तुर्की बोलणाऱ्या मुलांकडून व मोठ्यांकडून गोष्टी सांगून घेतल्या आणि १९९४ मध्ये तो अभ्यास ग्रंथरूपाने आला. झाडाच्या ढोलीतून घुबड बाहेर येते, या एका चित्रावर पुढे आणखी भाषा घेऊन बरीच चर्चा झाली. स्पॅनिश बोलणाऱ्यांना घुबड बाहेर आले एवढे पुरते. रशियन बोलणारे ते उडून की उसळून बाहेर आले हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाहीत.

आता ज्याच्या तोंडात दोन्ही तऱ्हा आहेत त्याने काय करावे? आणि आमच्यासारख्यांचे काय, ज्यांच्या दोन्ही भाषा एकाच बाजूच्या आहेत? तिथे तर काही घडायलाच नको, असे वाटेल. पण घडते, आणि फार बारीक घडते.

"अशोक चौकात बस उतरलो" हे वाक्य मी रोज ऐकतो. प्रमाण मराठीत बसमधून उतरतात. तेलुगूत मात्र 'बस् दिगिन', मधला 'मधून' नाहीच. बस हे सरळ कर्म. कन्नडमध्येही तसेच. मग आमच्या लोकांनी मराठी मोडली का? मला तसे वाटत नाही, कारण मराठीत पायऱ्या उतरतात, घाट उतरतात, गड चढतात, आणि तिथे 'वरून' लावण्याची सक्ती नाही. वाट आधीपासून होती, फक्त ती पायऱ्यांपुरती आणि घाटापुरती होती. तेलुगू कानांनी ती बसपर्यंत रुंद केली. माझे निरीक्षण असे की एक भाषा दुसरीच्या रानात नवी वाट क्वचितच पाडते. आधीच्या दोन वाटांपैकी जी आपल्याकडच्या वाटेसारखी दिसते तिच्यावरून ती जास्त ये-जा करते, आणि काही पिढ्यांत ती मळलेली वाट हाच रस्ता होतो. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे पटत नाही, कारण त्यांना चूक हवी असते आणि इथे चूक सापडत नाही, फक्त वापराचे प्रमाण बदललेले सापडते.

याचे टोकाचे उदाहरण आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले आहे आणि ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी कुपवाड या गावातल्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोलण्याचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून या भाषांनी शब्द आपापले ठेवले होते, पण वाक्यांची घडण इतकी एक झाली होती की एका भाषेच्या वाक्यातले तुकडे जागच्या जागी बदलले की दुसऱ्या भाषेतले वाक्य तयार होई. त्यांनी दिलेले गाजलेले वाक्य गतीचेच आहे: मराठीत "पाला जरा कापून घेऊन आलो", उर्दूत "पाला जरा काट के ले के आया". कापणे, घेणे आणि येणे ही साखळी भारतीय भाषांची सामाईक मिळकतच आहे. कॉलिन मासिका यांनी १९७६ मध्ये दक्षिण आशियाला एक भाषिक प्रदेश ठरवताना '-ऊन' सारख्या रूपाला ठळक जागा दिली. म्हणजे तिसरीतला माझा घोटाळा नेमका अशा रूपावर झाला होता जे सगळ्यांकडे आहे, पण ज्याचे काम प्रत्येक घरी थोडे वेगळे आहे. सारखेपणाच फसवतो.

निरोपाचे वाक्य हे याच सामाईक मिळकतीतले. मराठी माणूस दारातून बाहेर पडताना "येतो" म्हणतो, आमच्याकडे 'पोयि वस्त', कन्नड घरात 'होगि बर्तीनि', दोन्हींचा अर्थ जाऊन येतो. मराठीने जाणे पूर्ण गिळले आणि फक्त येणे शिल्लक ठेवले. द्राविडी भाषांनी दोन्ही ठेवले. सोलापुरात "जाऊन येतो" हा निरोप इतका ऐकू येतो की तो कोणाकडून कोणाकडे आला याचा वाद घालण्यात अर्थ नाही. आमच्यापैकी अनेकांच्या इंग्रजीतही तो जसाच्या तसा उतरतो, 'आय विल गो अँड कम', आणि समोरचा इंग्रज असेल तर परत कधी येणार म्हणून वाट पाहत बसेल.

प्रभाव फक्त पहिल्या भाषेकडून दुसरीकडे जातो, असे बराच काळ गृहीत धरले जात होते. स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या प्रौढांवरचा होहेनस्टाईन, आयझेनबर्ग आणि नेगल्स यांचा २००६ मधला अभ्यास सांगतो की ये-जा दोन्ही बाजूंनी होते. मला त्याहून चकित केले ते अमांडा ब्राउन आणि मारियान गुलबर्ग यांच्या २००८ मधल्या कामाने. त्यांनी इंग्रजी मध्यमच येणाऱ्या जपानी माणसांचे जपानी तपासले, तेही शब्दांबरोबर हातवारे पाहून. फक्त जपानी येणाऱ्यांच्या तुलनेत, रीत सांगण्याच्या बाबतीत या लोकांच्या मातृभाषेतल्या हातांनी वेगळी चाल धरली होती. हातवाऱ्यांचा पाया सोटारो किता आणि आस्ली ओझ्युरेक यांनी २००३ मध्ये घातलेला होता. कार्टूनमधले मांजर दोरीला लोंबकळत समोरच्या इमारतीकडे जाते, हा प्रसंग सांगताना इंग्रजी बोलणाऱ्यांचे हात हवेत कमान काढत. ज्यांच्या भाषेत त्या झोक्याला सोपे क्रियापद नाही त्या जपानी आणि तुर्की लोकांपैकी बऱ्याच जणांचे हात सरळ रेषेत जात.

हे वाचल्यावर मला स्वस्थ बसवेना. कारखान्यात नेहमी येणाऱ्या मांजरीचे वीसेक सेकंदांचे चित्रण माझ्या मोबाईलवर होते: ती कुंपणाच्या भिंतीवरून उडी घेते, दबकत आत येते, बंद मागाखालून सरपटत पलीकडे निघते आणि चादरींच्या गठ्ठ्यावर झेप घेऊन बसते. ते मी आधी अम्माला दाखवले, मग भाचीला, आणि दोघींना आपापल्या दोन भाषांत सांगायला लावले. याला प्रयोग म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. दोन माणसे आणि एक मांजर एवढाच पसारा होता.

अम्मा तेलुगूत म्हणाली, "पिल्लि गोड दिगिंदि", आणि मराठीत, "मांजर भिंत उतरली, आत गेली, मागाखालून गेली, गठ्ठ्यावर चढली." उडी नाही, दबकणे नाही, सरपटणे नाही. भिंत मात्र बससारखीच उतरली गेली, 'वरून' शिवाय. तिचा तळहात चारही वेळा सपाट आणि सरळ हलला. "कशी गेली पण?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "दबकत दबकत, मांजर अजून कशी जाईल?" म्हणजे तिने पाहिले सगळे होते, सांगण्यासारखे तिला ते वाटले नव्हते.

भाचीने इंग्रजीत 'जंप्ड ऑफ', 'क्रॉल्ड अंडर' असे धडाधड सांगितले आणि मराठीत आल्यावर म्हणाली, "मग ती मागाखाली सरपटली." पुन्हा तोच उंबरठा. हे वाक्य ऐकून मला मांजर मागाखालीच घुटमळताना दिसली, पलीकडे निघालेली दिसली नाही. मी विचारले, "मग बाहेर आली की नाही?" ती जरा चिडून म्हणाली, "मामा, सांगितलं ना, सरपटली." तिच्या दृष्टीने पलीकडे जाणे त्या क्रियापदात आलेच होते.

नंतर मी स्वतः सांगितले. मराठीत माझ्या प्रत्येक वाक्यात एक '-त' होता: झेपावत, दबकत, सरपटत, अंग चोरत. वीस वर्षे इंग्रजी मजकूर मराठीत आणण्याचा हा परिणाम असावा. मूळ वाक्यातली रीत गाळली तर भाषांतर अपुरे राहील, या धास्तीने हाताला लागलेले वळण आता माझ्या घरगुती बोलण्यातही शिरले आहे. अम्माने ऐकून घेतले आणि म्हणाली, "किती रे ते वर्णन, मांजरच आहे ना?"

तेलुगूत सांगताना मात्र मी मुद्दाम काही ठरवले नव्हते, आणि सहज अम्मासारखेच बोललो. भाचीने ते मोबाईलवर टिपले होते. रात्री आवाज बंद करून ते पाहिले तेव्हा मांजर भिंतीवरून खाली येते त्या ठिकाणी माझा उजवा हात आधी वर उचलला गेला आणि हवेत पूर्ण कमान काढून मांडीवर आला. आवाज सुरू करून पुन्हा पाहिले. तोंडाने मी तेवढेच म्हटले होते, "पिल्लि गोड दिगिंदि."